आपोआप उघडणारं दार

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे मोटार राहत असे. अंधेरीहून चकाल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला डॉक्टरीणबाईंचा बंगला होता, मागे विहीर, विहिरीशेजारी फणस, आणि फणसाच्या सावलीत पत्र्याचं गॅरेज. त्या गॅरेजला लागून कौलारू दोन खोल्या होत्या, त्या ड्रायव्हरच्या. माझे बाबा बाईंचे ड्रायव्हर, म्हणून त्या आमच्या. आई बाईंकडे स्वयंपाक करी. मी थोरली, आणि पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेला बबन. तो झाला तेव्हा मी चौथी पास होऊन घरी बसले, कारण आई बंगल्यात चुलीपुढे असताना त्याला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. पाचवीला मुलींची शाळा लांब होती, हेही एक कारण सांगत. खरं म्हणजे मला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी उभं करून नाव विचारलं तरी माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. घरी बबनशी मात्र मी दिवसभर बोलत असे, तो उलट काही विचारत नव्हता तोवर.

आता मी हे वहीत लिहिते आहे ते दुपारी, सगळे कामावर गेल्यावर. लिहिताना कुणी समोर नसतं, हे मला लिहिण्यातलं सगळ्यात आवडतं. इथे कांदिवलीला आमच्या इमारतीखाली गाड्यांसाठी एक दार आहे, ते बटण दाबल्यावर वर जातं. आठवड्यातून दोनदा ते अडतं आणि लोक हॉर्न वाजवतात. सून म्हणते, "आई, तुम्ही खिडकीत उभ्या राहून काय एवढं बघता?" तिला काय सांगू, की आपोआप उघडणारं दार मी तिच्या जन्माच्या कितीतरी आधी बघितलं आहे, आणि ते माझ्या वडिलांनी केलं होतं.

बाबा आधी परळच्या एका गिरणीत फिटर होते. डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली आणि त्यांनी ते काम सोडलं, पण यंत्राचं वेड काही सुटलं नाही. बाई बाळंतपणं करीत. सुईणीनं हात टेकले की गावठाणातून, मरोळहून, कधी वेसाव्याहून माणूस धावत येई, आणि तो बहुतेक पहाटेच येई. गॅरेजचं जुनं दुपाखी दार जड होतं, पावसात फुगे, एकट्या माणसाला ओढवत नसे. एकदा बाईच म्हणाल्या, "गोविंद, गाडी आली की आपलं आपण उघडेल असं दार नाही का होत?" त्या गमतीनं म्हणाल्या असतील. बाबांनी ते गमतीत घेतलं नाही. सबंध उन्हाळाभर ते रविवारी अंगणात बसून तासत, ठोकत, जुळवत होते. दार एकपाखी केलं, वर उचललं जाऊन छपराखाली सरकणारं. दोन्ही बाजूंना दोर, कप्प्या, आणि दोरांच्या टोकाला वाळूनं भरलेले दोन डबे, दाराच्या वजनापेक्षा जरा जड. जमिनीत दारासमोर एक फळी आणि आतल्या बाजूला एक. गाडीचं चाक फळीवर आलं की फळी दबे, तिला बांधलेली तार ओढली जाई, आणि दाराच्या वरच्या कडेला पितळी नळीत बसवलेली वीतभर लोखंडी खिट्टी मागे सरके. खिट्टी सरकली की डबे खाली, दार वर. बंद करायला मात्र हातानं दोर ओढावा लागे. ते काम माझं होतं.

पहिल्या दिवशी ते बघायला गावठाणातली माणसं जमली होती. एक म्हातारी फळीवर स्वतः उभी राहिली आणि दार काही उघडेना, तेव्हा म्हणाली, "मना मोटार समजत नाय काय रं?" बाबा म्हणाले, "आजी, दहा जणी उभ्या राहा, उघडेल." त्या खरंच उभ्या राहिल्या, एकमेकींच्या खांद्याला धरून, लुगड्यांचे काष्टे सावरत, आणि दार उघडलं. त्या दिवसाइतकी हसरी माणसं मी त्या अंगणात पुन्हा पाहिली नाहीत.

भिंत एकच असल्यामुळे दाराचे आवाज आमच्या घरातलेच झाले होते. आधी खिट्टीची 'टक', मग कप्प्यांची लांबलचक कुरकुर, मग दोन्ही डबे जमिनीला टेकल्याचा मऊ धप्प. आई चुलीवर पेज ढवळत असे, तिचा हात त्या 'टक'बरोबर क्षणभर थांबे आणि ती म्हणे, "गेले." मग मी बाहेर पळत जाऊन दोर ओढून घेई. परत येईतो पेज वाढलेली असे, वर लोणच्याचा खार, कधी सुक्या बोंबलाची चटणी. बाबांची पेज झाकून ठेवलेली. थंडीच्या दिवसांत ती झाकणी उचलली की वाफेनं आईच्या चेहऱ्यावर थेंब जमत. बाबा आले की आधी अंगणात उभे राहून तपकीर ओढत, तीनदा शिंकत, मगच आत येत. तपकिरीपायी त्यांचं नाक पार गेलं होतं. भात करपला तरी त्यांना कळत नसे, आणि आई म्हणे, "ह्यांच्यासारखा नवरा मिळायला पुण्याई लागते."

दाराची निगा बाबांनी माझ्याकडे दिली होती. दर शनिवारी दुपारी शिडीवर चढून नळीच्या वरच्या भोकात पाच थेंब तेल सोडायचं. तेल शिवणयंत्राचं, पाण्यासारखं पातळ. घट्ट वंगणाला धूळ चिकटते म्हणून बाबांना ते चालत नसे. चोचीची एक छोटी बुधली त्यांनी मला दिली होती. ती माझ्या नावाची अशी घरातली पहिली वस्तू. पाच म्हणजे पाचच थेंब, सहावा पडला तर मला अपराध्यासारखं होई.

मार्गशीर्ष लागला आणि एका सकाळी 'टक' आलीच नाही. आईचा हात पेजेत थांबला तो थांबूनच राहिला. भिंतीपलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज, मग बंद, मग बाबांच्या हातोडीचा. पाव तासानं खिट्टी सुटली. बाबा म्हणाले, दवानं तार आखडली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नऊ-साडेनऊला बाईंना सोडून ते परत आले, दाराशी गाडी आणली, आणि दार पहिल्यासारखं उघडलं, टक, कुरकुर, धप्प. त्यांनी ते दहा वेळा करून बघितलं. दहाही वेळा उघडलं.

मग पंधरा दिवस हाच खेळ. सकाळी दार हट्टाला पेटल्यासारखं अडून बसे आणि ऊन चढलं की शहाणं होई. बाबांनी आधी तार बदलली. मग फळीखालचा खड्डा उकरून साफ केला, त्यात दोन बेडूक आणि बबनची हरवलेली वाटी निघाली. मग म्हणाले लाकूड फुगलं असेल, म्हणून दाराच्या कडा तासल्या. मग डब्यांतली वाळू वाढवली, तर दुपारी दार इतक्या जोरानं वर गेलं की छपराचा पत्रा वाजला आणि फणसावरचे कावळे उडाले. रोज दुपारी त्यांना वाटे, आता जमलं. रोज सकाळी हातोडी. ते नळीही काढून बघत, पण दुपारीच, कारण पहाटेच्या अंधारात काय दिसणार? दुपारी आत सगळं कसं स्वच्छ, चकचकीत, तेलानं ओलं. "वच्छू, तेल घालतेस ना गो नीट?" त्यांनी एकदा विचारलं. मी मान हलवली. घालत होतेच.

बंगल्यात बाईंचे थोरले भाऊ राहत, भाऊसाहेब. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, गळ्याशी मफलर, हातात वर्तमानपत्र. त्यांना कुणाचा वाईटपणा नव्हता, पण सगळ्या गोष्टींचं कारण त्यांना आधीच माहीत असे. त्यांनी ओळखीच्या कारखान्यातून एक मिस्त्री बोलावला. तो आला बाराला. दार उघडून-मिटून त्यानं सहा वेळा बघितलं, वर चढून खिट्टी बोटानं सरकवली, आणि खाली उतरून बिडी पेटवत म्हणाला, "एकदम झकास दरवाजा आहे, शेठ. असा तर मी पण बनवला नसता."

"पण सकाळी उघडत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"दरवाज्याला काय घड्याळ समजतं?" मिस्त्री हसला. "सकाळी कोणाला उठायला आवडतं, सांगा ना."

मी विहिरीवर बबनचे कपडे धूत होते. बाबा शिडी धरून उभे होते. त्यांनी शिडी उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून भाऊसाहेब पहाटे मफलर बांधून स्वतः अंगणात येऊन उभे राहू लागले. बाबा वर चढून खिट्टी ठोकत, आणि हे खाली उभे राहून मनगटावरचं घड्याळ बघत.

शेवटी एका गुरुवारी मरोळहून माणूस आला. बायको पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. "बाय, लवकर चला, ती आता रडत पण नाय," एवढं तो म्हणाला. दार अडलं. बाबांनी हातोडीनं खिट्टी ठोकली तर तार तुटली आणि दार अर्ध्यावर वाकडं होऊन बसलं. बाई त्या माणसाबरोबर बॅग घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेल्या, तिथून दुधाच्या गाडीवर बसून मरोळला. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप राहिली, देवाची कृपा. पण बाई परत आल्या त्या पदराला लागलेलं दूध पुसत, आणि अंगणातच बाबांना म्हणाल्या, "गोविंद, पुरे झालं. रविवारी सुतार येईल. हे काढून टाका, साधी दोन दारं बसवा."

"बाई, दोष सापडेल मला. दोन दिवस द्या."

"रविवारपर्यंत दिलेच की."

भाऊसाहेब पायरीवरून म्हणाले, "दार काढल्यावर बघू, मग पहाटे न उठायला काय कारण निघतं ते."

बाईंनी ते ऐकलं आणि त्या आत गेल्या. आई त्या वेळी बंगल्याच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. ती घरी आली, सुपात बघत म्हणाली, "ह्या खोल्या ड्रायव्हरच्या आहेत, वच्छे. आपल्या नाहीत." तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. बाबा अंगणात नळी मांडीवर घेऊन बसले होते. उजव्या हाताची पाच बोटं आणि डाव्याची तीन, दोन्ही हातांनी ते ती नुसती फिरवत होते. मी त्यांना चहा नेऊन दिला तेव्हा ते म्हणाले, "गिरणीतली अख्खी मशिनं नुसत्या आवाजावरून सांगायचो मी. हात गेला तेव्हा वाटलं नाही, पण आता बुद्धीच गेली वाटतं." बाबांनी माझ्याशी असं कधी बोलू नये असं मला वाटलं. मी कप घेऊन पळाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तार जोडून, नळी बसवून दार सरळ केलं.

शनिवार उजाडला तो कडाक्याची थंडी घेऊन. तेव्हा अंधेरीला थंडी पडे, शेतांवर धुकं असे, विहिरीच्या पाण्याची वाफ दिसे. न्हाण्याचा दिवस म्हणून आईनं मला पाटावर बसवलं, आणि कोनाड्यातली खोबरेलाची बाटली काढली. गावाहून येणारं, घाण्याचं. बाटली तिनं उलटी केली तरी तेल पडेना. आत पांढरंशुभ्र, मेणासारखं. "थिजलंय मेलं," आई म्हणाली. "जा, विहिरीच्या कट्ट्यावर उन्हात ठेव. पाघळलं की आण."

मी बाटली घेऊन कट्ट्यावर गेले. ऊन अजून फणसाच्या शेंड्यावरच होतं. बाटली ठेवली, आणि तिच्याकडे बघता बघता मला नळीतली खिट्टी आठवली.

काय झालं होतं ते सांगते. दसऱ्याच्या आधी बुधलीतलं तेल संपलं होतं. बाबांनी मला स्टेशनाजवळच्या सायकलच्या दुकानातून तेल आणायला पाठवलं. शनिवारच होता. दुकानाच्या फळीवर चार-पाच पुरुष बसलेले, एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "काय पाहिजे गं पोरी?" मला 'शिवणयंत्राचं तेल' हे दोन शब्द बोलायचे होते. मी बुधली पदराखाली, म्हणजे ओढणीखाली धरून उभी राहिले. तो पुन्हा म्हणाला, "मुकी आहे काय?" आणि बाकीचे हसले. वाईट हसले असं नाही, माणसं हसतात तसे. मी मागे वळले आणि घरापर्यंत पळत आले. वाटेत मनाची समजूत घातली, की शनिवारी तेल विकत आणू नये असं आईच म्हणते, शनी मागे लागतो. आणि आमच्या घरात खोबरेल सगळ्यालाच चाले. केसांना, बबनच्या अंगाला, भाजलं-कापलं त्याला, जात्याच्या खुंट्याला, कुरकुरणाऱ्या बिजागरीला. रंगही तसाच, पाण्यासारखा. मी बुधली खोबरेलानं भरली. पैसे देवाच्या फोटोमागे ठेवले. आणि दार असं काही चालू लागलं, आश्विनाच्या उकाड्यात असं काही सुळसुळीत, की बाबा म्हणाले होते, "वच्छूचा हात लागला की बघा कसं पळतं!" दोन महिने मी त्या कौतुकावर खूश होते.

मी आत जाऊन आईला सांगितलं. आईनं सगळं ऐकलं. तिनं माझे केस विंचरायला घेतले होते, फणी तशीच केसांत राहिली.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"बाबांना?"

"त्यांना तर मुळीच नाही. उद्या सुतार येईल, दार काढेल, विषय मिटेल. दार गेलं तर गेलं. पण तू केलंस असं कळलं तर काय म्हणतील? गोविंदानं पोरीच्या हातात मशीन दिलं. आळशी म्हणतात ते परवडलं, निष्काळजी म्हणाले तर उद्या गाडी तरी हातात ठेवतील का?"

आईचं बरोबर होतं. आजही मला वाटतं, तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. तिनं माझे केस तसेच कोरडे बांधले. त्या दिवशी मी दाराला तेल घातलं नाही, बाबांनीही विचारलं नाही. ते दिवसभर डबे रिकामे करत होते, वाळू विहिरीच्या मागे नेऊन टाकत होते, जेणेकरून सुताराला त्रास पडू नये. मी बबनला कडेवर घेऊन बघत होते. एकेक घमेलं वाळू. त्यांची पाठ मला सगळा दिवस दिसत राहिली.

रविवारी सुतार सातलाच आला. अंगणात बाई शाल घेऊन उभ्या, भाऊसाहेब मफलरमध्ये, बाबा शिडीशी. सुतारानं पटाशी बाहेर काढली. भाऊसाहेब त्याला म्हणाले, "काढा एकदाचं. आणि गोविंद, साधी दारं बसली की मग पहाटे किती मिनिटांत गाडी निघते ते मी लिहून ठेवणार आहे." बाबा म्हणाले, "ठेवा, साहेब." एवढंच. त्यात राग असता तर मी घरात बसून राहिले असते. पण राग नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज होता तो.

मी कोनाड्यातून बाटली घेतली. आई म्हणाली, "वच्छे!" मी अनवाणी अंगणात गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि जे व्हायचं तेच झालं, माझी जीभ टाळूला चिकटली. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले, बुच काढलं, आणि बाटली उलटी धरली. एक थेंब पडला नाही. मग मी दुसऱ्या हातानं वर नळीकडे बोट दाखवलं.

"हे काय गो?" बाबा म्हणाले. त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांचं तोंड हळूहळू बदलत गेलं. ते शिडीवर चढले, नळी सोडवली, त्या पहाटेच्या गारठ्यातच, आणि खिट्टी जोर लावून बाहेर ओढली. ती सबंध पांढरी होती. नाक कामाचं नव्हतं, म्हणून त्यांनी ते बोटावर घेऊन जिभेला लावलं.

"खोबरेल!" ते वरूनच म्हणाले.

"खोबरेल?" बाई म्हणाल्या. "दारात खोबरेल कोणी घातलं?"

"मी, बाई," बाबा म्हणाले. क्षणाचाही उशीर न लावता. "चुकून."

"नाही, मी," कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता. बाईंच्या घराला लागून आम्ही इतकी वर्षं राहत होतो, पण बाईंसमोर मी बोललेले ते पहिले शब्द.

"तू? का गं?"

"दुकानात माणसं होती."

सुतार आधी हसला. मग भाऊसाहेब हसले, "म्हणजे आमचं दार न्हाऊन-माखून बसलं होतं म्हणा की!" बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जशा एखाद्या पेशंटकडे बघत असाव्यात. तेवढ्यात आई कढत पाण्याची कासंडी घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी खिट्टी पुन्हा नळीत घातली, नळी जागेवर बसवली, आईनं शिडीवर चढून तिच्यावर पाणी ओतलं, आणि बाबांनी फळीची तार हातानं ओढली. डबे रिकामे होते म्हणून दार काही वर गेलं नाही. पण 'टक' झाली. अंगणात सगळ्यांना ऐकू गेली.

सुतार म्हणाला, "बाई, मग मी काय करू? घरी जाऊ?"

"चहा घे आणि जा," बाई म्हणाल्या. "दार राहू दे."

बाबांनी नळी रॉकेलमध्ये बुडवून धुतली, वाळू पुन्हा घमेल्यानं आणून डब्यांत भरली, आणि सोमवारी पहाटे दार उघडलं. मंगळवारीही. बाईंनी मला बंगल्यात बोलावून खुर्चीवर बसवलं. मी तोवर खुर्चीवर बसले नव्हते. म्हणाल्या, "चौथीनंतर सोडलीस ना शाळा? जूनमध्ये तुला पाचवीत घालू. बबनचं बघू काहीतरी. शिकलीस की माणसांसमोर बोलायला येतं." मी मान हलवली. घरी येऊन आईला सांगितलं, आणि आईनं त्या दिवशी तांदळाच्या शेवया दाबून, नारळ घालून गोड शिरवाळे केले. मला वाटलं, सगळं मिटलं.

त्या आठवड्याच्या शेवटी बाबा बंगल्याच्या ओटीवर गेले आणि बाईंना म्हणाले, "दुसरा ड्रायव्हर बघा." मी मागच्या दाराशी ताक घ्यायला गेले होते, म्हणून ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"अरे पण दार दुरुस्त झालं ना?" बाई म्हणाल्या.

"दार बिघडलंच नव्हतं, बाई."

"मग?"

"पंधरा दिवस मी चारला उठत होतो. रोजच्या आधी एक तास, दार ठोकायला."

बाई म्हणाल्या, "ते भाऊ बोलले, गोविंद. मी नाही बोलले."

"तुम्ही ऐकत होतात," बाबा म्हणाले.

घाटकोपरला बाबांच्या एका जुन्या सोबत्याचा कारखाना होता, तिथे त्यांना फिटरचं काम मिळालं, आणि जवळच चाळीत एक खोली. पाचवी तिथे राहिली ती राहिलीच. कधीकधी मनात येतं, त्यांनी तेवढं पोटात घातलं असतं तर? बाई वाईट नव्हत्या. जून फार लांब नव्हता. म्हातारी झाले तरी ह्यावर रागवावं की नाही ते माझं ठरलेलं नाही. कधी त्यांचा राग येतो, कधी ती वाळू वाहणारी पाठ आठवते आणि येत नाही.

सामान लॉरीवर चढवलं त्या सकाळी बाई रस्त्यापर्यंत आल्या. बबनच्या हातात त्यांनी बिस्किटांचा डबा दिला. भाऊसाहेब खिडकीत होते, त्यांनी हात वर केला, बाबांनीही केला. मग लॉरी मरोळच्या बाजूनं निघाली. आम्ही चौघं मागे गाठोड्यांवर बसलो होतो, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, त्यांत ताडाची झाडं. बराच वेळ मी बोलायचं धैर्य जमवत होते.

"बाबा, माझ्यामुळे ना?"

"काय तुझ्यामुळे?"

"जातोय ते."

त्यांनी तपकिरीची डबी काढली, पण उघडली नाही. "तुझं तेल मी अर्ध्या तासात धुतलं," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत, जरा हळू, "त्यांच्या मनातलं मला धुता येईना गो."

आई म्हणाली, "बबनला नीट धर, खड्डा येतोय."